तीन की आठ

सदाशिव पेठ, पुणे
१४ जून २००२

चि. श्रद्धा,

अनेक आशीर्वाद. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तुला शाळा सोडून सतरा वर्षं झाली, तरी माझं अक्षर ओळखशील असं वाटतं. तुझ्या गणिताच्या वह्यांत ते लाल शाईने पुष्कळ उमटलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आपल्या शाळेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर काय काय करायचं याची यादी केली होती, ती आठ दिवसांत संपली. मग विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्यावर निघालेल्या एका नव्या आंतरराष्ट्रीय शाळेने अकरावी-बारावीच्या गणितासाठी बोलावलं, आणि मी गेले. मुलं बहुतेक कॉम्प्युटर कंपन्यांतल्या लोकांची, निम्मी तर परदेशातून परत आलेली. मला 'मॅम' म्हणतात. पहिले पंधरा दिवस वर्गात कोणी शेळीची नक्कल करतंय असंच वाटायचं. आता सवय झाली. येता-जाता शाळेची बस तुझ्या आईवडिलांच्या कॉलनीवरून जाते, त्यामुळे महिन्यातून एकदा कौसल्याबाईंकडे चहा होतो.

आता काम. या शाळेचं बोर्ड परदेशातलं आहे. त्यांच्या गणिताच्या पेपरला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर नुसता चालतो असं नाही, तो लागतोच. आपल्या शाळेत दप्तरात साधा कॅल्क्युलेटर सापडला तरी मी तो जप्त करत असे, हे तुला आठवत असेल. आता बेचाळीस मुलांच्या हातात कोणता द्यायचा हे मी ठरवायचं आहे. प्राचार्या हेमा मॅडम म्हणाल्या, "मॅम, तुम्ही सांगाल तोच घेऊ." जुलैअखेर सांगायचं आहे. मुलं त्याच्यावर दोन वर्षं शिकणार आणि तोच घेऊन परीक्षेला बसणार. रंगराव नावाचे एक विक्रेते तीन नमुने ठेवून गेले आहेत. तिन्ही माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते.

तू अमेरिकेत आहेस, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस. तिथे म्हणे शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे हा असतो. काय बघून घ्यावा ते स्वच्छ शब्दांत लिही. शाळेत ई-मेल आहे, पण तो आधी संगणकाचे सर वाचतात, आणि मला काही अडलंय हे स्टाफरूममध्ये कळायला नको आहे.

पुष्करला आणि तुला जोडीने आशीर्वाद.

तुझ्या
बाई

*

कोलंबस, ओहायो
२९ जून २००२

ती. बाई,

साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि मी आधी हात धुतले, मग पाकीट उघडलं. तुम्ही मला प्रश्न विचारलात यावर अजून माझा विश्वास बसत नाहीये. उत्तर चुकलं तर पायऱ्यांचे तरी गुण द्या.

पहिली गोष्ट, बोर्डाची यादी. कोणती मॉडेल परीक्षेत चालतात ते बोर्ड छापून देतं. त्या यादीत जे नाही ते कितीही चांगलं असलं तरी आपल्या कामाचं नाही. या यंत्रांची नावं म्हणजे नुसते आकडे असतात आणि एकाच घराण्यातल्या दोघांत एका आकड्याचा फरक असतो, तेव्हा नीट ताडून बघा.

दुसरं, सगळ्या वर्गाकडे एकच मॉडेल हवं. नाहीतर तुम्ही एक कळ सांगाल आणि दहा मुलं म्हणतील, आमच्याकडे ती कुठे आहे.

तिसरं, कळा. या यंत्रांवर उणे चिन्हाच्या दोन कळा असतात. वजाबाकीची वेगळी आणि ऋण संख्येची वेगळी. अर्ध्या वर्गाच्या अर्ध्या चुका तिथे होतात. उरलेल्या चुका कंसात होतात. आणि पडद्यावर किती ते किती दिसायचं हे नीट दिलं नाही, तर आलेख पडद्याच्या बाहेर निघतो आणि मुलं म्हणतात, यंत्र बिघडलं. म्हणून निवडताना हुशार मुलाला विचारू नका. वर्गातल्या सगळ्यात घाबरणाऱ्या मुलाच्या हातात दहा मिनिटं द्या. त्याला जमलं तर ते यंत्र चांगलं.

पेन्सिल सेलवर चालणारं घ्या, ते कुठेही मिळतात. मोठ्या पडद्याला आणि जास्तीच्या करामतींना भुलू नका. साधं, बुटकं, मजबूत घ्या. ते दप्तरातून रोज पडणार आहे.

आमचं इकडे छान चाललंय. ऑफिसात काम पुष्कळ आहे. पुष्कर मजेत आहे, तुम्हाला नमस्कार सांगतो.

तुमची
श्रद्धा

*

सदाशिव पेठ, पुणे
१५ जुलै २००२

चि. श्रद्धा,

आशीर्वाद. तुझं उत्तर पायऱ्यांसकट बरोबर आहे. दहापैकी नऊ. एक गुण अशासाठी कापला की शेवटच्या मुद्द्यावर माझं तुझ्याशी पटत नाही.

तिन्ही यंत्रं मी आठवडाभर घरी आणून ठेवली होती. पहिल्या दिवशी साइनचा आलेख काढला. श्रद्धा, चौतीस वर्षं मी तो फळ्यावर हाताने काढला. एक लाट दुसरीपेक्षा बुटकी व्हायची आणि तुम्ही मुली हसायचात. यंत्राने तो डावीकडून उजवीकडे, ठिपक्याला ठिपका लावत, माझ्यासमोर काढला. मी सहा वेळा पुसला आणि सहा वेळा काढायला लावला. चहा निवला.

तर मी ते मोठ्या पडद्याचं निवडलं आहे. तू म्हणालीस भुलू नका. मी भुलले नाही, विचार करून निवडलं. पडदा मोठा म्हणजे दोन आलेख एकावर एक आले तरी वेगळे कळतात. कळांमध्ये अंतर आहे. हातात वजनदार लागतं, त्यामुळे मुलं जपून वापरतील. तुझी परीक्षाही घेतली. उत्कर्षा नावाची एक मुलगी आहे, फळ्याकडे बोलावलं की तिचा आवाज जातो. तिला दहा मिनिटं दिलं. आठव्या मिनिटाला तिने दोन रेषांचा छेदनबिंदू काढून दाखवला.

यादी हेमा मॅडमकडून मागून घेतली. दिव्याखाली बसून शेवटच्या ८ पर्यंत नंबर ताडला. आहे. शुक्रवारी शिफारशीवर सही करून दिली. रंगराव माल मागवतायत.

कौसल्याबाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुझी जबाबदारी वाढली आहे, बहुधा बढती मिळाली. तुझ्या वडिलांनी, बद्रीनाथरावांनी, कॉलनीत पेढे वाटले. तू मला काही लिहिलं नाहीस. असो, अभिनंदन.

एक विचारते. तू दिवसभर कंपनीत प्रोग्राम लिहितेस. मग कोणत्या कळेपाशी अर्धा वर्ग चुकतो हे तुला इतकं तोंडपाठ कसं?

बाई

*

कोलंबस, ओहायो
२८ जुलै २००२

ती. बाई,

नमस्कार. काल फोनवर माझं बोलणं ऐकून घेतलंत, "बरं" म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून सगळं पुन्हा शांतपणे लिहिते आणि कुरियरने पाठवते.

तुम्ही निवडलेलं यंत्र आलेखाबरोबर बीजगणितही करतं. त्याला वर्गसमीकरण दिलं की ते अवयव पाडून देतं, क्ष ची किंमत काढून देतं, पायऱ्या न दाखवता. म्हणूनच तुमच्या बोर्डाने ते परीक्षेत बंद केलं आहे. इंटरनेटवरून मी बोर्डाची यादी काढली आणि मोठ्या अक्षरांत छापून सोबत जोडली आहे. यादीत आहे ते त्याच घराण्यातलं धाकटं यंत्र. त्याचा शेवटचा आकडा ३ आहे. तुम्ही पत्रात लिहिलेल्याचा ८.

मुलं त्याच्यावर दोन वर्षं शिकली असती आणि परीक्षेच्या दारात त्यांच्या हातातून ते काढून घेतलं असतं. पण तसं झालेलं नाही. आत्ता जुलै आहे. जी खोकी उघडली नाहीत ती परत जातील. हेमा मॅडमना तुम्ही आजच सांगा. दुसऱ्या कोणाकडून त्यांना कळायला नको.

बाई, तुम्हाला राग येईल, पण विचारते. तुम्ही आकडा चुकलात हे माझ्या मनाला पटत नाही. आठवीत माझं दशांश चिन्ह एका घराने सरकलं होतं, ते तुम्ही बाकापासून तीन हात लांब उभ्या राहून पकडलं होतं. या यंत्राच्या पडद्यावर वरच्या बाजूला त्याच्या सगळ्या कामांची नावं बारीक अक्षरांत ओळीने येतात, त्यात बीजगणिताचंही नाव येतं. आठवडाभर ते तुमच्या समोर होतं. अवयव पाडून देणारं यंत्र तुम्ही मुलांच्या हातात कधीच दिलं नसतंत.

तुम्हाला ते नाव दिसलं नाही का?

श्रद्धा

*

सदाशिव पेठ, पुणे
११ ऑगस्ट २००२

चि. श्रद्धा,

नाही. दिसलं नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. निवृत्तीच्या सुमाराला अक्षरं पुसट व्हायला लागली होती. चष्मा बदलला, फरक पडला नाही. फळ्यावर मी मोठं लिहिते, तिथे निभावतं. वह्या घरी आणून भिंगाने तपासते. डॉक्टरांकडे गेले नाही, कारण माझ्या वडिलांचे डोळे साठाव्या वर्षी गेले. ते शेवटची अकरा वर्षं खिडकीपाशी बसून होते आणि पावलांवरून माणसं ओळखायचे. मला या मार्चमध्ये साठ पूर्ण झाली. डॉक्टर जे सांगणार ते मला ऐकायचं नव्हतं.

मोठं यंत्र मी निवडलं, कारण तिघांपैकी त्याच्याच पडद्यावरचे आलेख मला दिसत होते, बारीक अक्षरं त्यावरही नाहीत. एवढंच खरं. पडदा, कळा, वजन ही कारणं मी मागाहून गोळा केली. बेचाळीस मुलांसाठी म्हणून मी माझ्या डोळ्यांच्या सोयीचं यंत्र निवडलं. आणि यादीतला इंग्रजी तीन मला आठ दिसला, कारण मला आठच हवा होता.

तुझा फोन ठेवल्यावर राजीनामा लिहिला आणि सोमवारी हेमा मॅडमकडे गेले. जे झालं ते सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. त्यांनी कागद वाचला.

"मॅम, यावर तारीख नाहीये."

"तुम्ही घाला," मी म्हटलं.

"ठीक आहे. मी माझ्या सोयीने घालीन," असं म्हणून त्यांनी तो घडी करून खणात टाकला. "आधी रंगरावांना फोन करू. मग पेरेंट्सना बोलवू. आणि तुम्ही डोळे दाखवून या. याच क्रमाने नको, डोळे आधी."

मी क्रम तोच ठेवला. डोळे शेवटी.

रंगराव आले. आठ यंत्रं मुलांपर्यंत पोचली होती, चौतीस खोकी त्यांच्याकडे बंद होती. त्यांनी हिशेबाचं काही काढायच्या आत मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "बाई, धाकटं यंत्रच जास्त खपतं. हे मोठं कोणी घेईना, तुम्ही घेतलंत म्हणून मलाच नवल वाटलं होतं." मग तेव्हा का नाही बोललात, असं विचारलं. तर म्हणाले, "गणिताच्या बाईंना मी काय सांगणार?" चौतीसच्या चौतीस त्यांनी बदलून द्यायचं कबूल केलं. उघडलेली आठ शाळा ठेवून घेणार आहे, वर्गात दाखवण्यापुरती.

शनिवारी पालकांची सभा झाली. साठ-सत्तर माणसं होती. हेमा मॅडम बोलायला उठत होत्या, त्यांना मी बसायला सांगितलं. यंत्र मी निवडलं, यादी मी चुकीची वाचली, कारण मला नीट दिसत नाही, आणि हे मी शाळेपासून लपवलं, एवढं उभ्याने सांगितलं. इंग्रजीतून सांगायचं ठरवलं होतं, पण अर्ध्यावर मराठी कधी सुरू झाली कळलं नाही. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, चष्मा बदला."

मी म्हटलं, "तो बदलून झाला. आता डोळेच दाखवायला चालले आहे."

कोणीतरी हसलं आणि सभा सुटल्यासारखी झाली. उत्कर्षाची आई दाराशी थांबली होती. माझा हात धरून तिने मला पायऱ्यांवरून खाली आणलं. मला त्या पायऱ्या व्यवस्थित दिसत होत्या, पण मी हात सोडवला नाही.

उद्या सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

बाई

ता. क. १२ ऑगस्ट. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरंच झालं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवून ठेवलं, मग बराच वेळ आत प्रकाश टाकून बघितलं. मी वडिलांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांचं वेगळं असणार. तुमचे पडदे उत्तम आहेत. हा मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. दोन वर्षं काय करत होता?" मी म्हटलं, घाबरत होते. त्यांनी तेही कागदावर लिहिलं की काय कोण जाणे.

मोतीबिंदू, श्रद्धा. नुसता मोतीबिंदू. रस्त्यावर आले. शेजारच्या रसवंतीत बसले आणि एकामागून एक दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

*

कोलंबस, ओहायो
२५ ऑगस्ट २००२

ती. बाई,

ताजा कलम मी आधी वाचला, पत्र नंतर. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि पुष्करला मोठ्याने ओरडून सांगितलं. त्याला वाटलं काही सांडलं.

तुम्ही सत्तर माणसांसमोर उभं राहून जे केलंत, ते मला दोन माणसांना फोनवर सांगता येत नाहीये. म्हणून आधी तुम्हाला सांगते.

मी कंपनीत नाही. गेल्या ऑक्टोबरात आमच्या विभागातल्या सगळ्यांना एका सकाळी एका खोलीत बोलावलं आणि दुपारपर्यंत खोके घेऊन घरी पाठवलं. पुष्करची नोकरी टिकली, आमचे इथले कागद पक्के आहेत, त्यामुळे तशी अडचण काही आली नाही. पण तीन महिने मी सोफ्यावरून उठले नाही. मग जवळच्या शाळेत, शिक्षक गैरहजर असतील त्यांच्या वर्गावर जायला लागले. पहिल्याच दिवशी एका मुलीने उणेची चुकीची कळ दाबून यंत्र माझ्यापुढे धरलं, हे बिघडलंय म्हणून. मी तिच्या शेजारी बाकावर बसले, तुम्ही बसायचात तशी. तास कधी संपला कळलं नाही.

मधल्या काळात शिक्षकांची परीक्षा दिली. या सोमवारपासून मी त्याच शाळेत कायम झाले. नववीचं बीजगणित, रोजचे पाच तास. तुम्हाला लिहिलेल्या सगळ्या चुका माझ्या वर्गातल्या आहेत. आईला म्हटलं होतं की आता जबाबदारी वाढली. ते खोटं नव्हतं, पण तिने त्याची बढती केली आणि मी ती तशीच राहू दिली.

बाबांना कसं सांगू? यवतमाळहून कारखान्यात कामाला आले, मला दोन बस बदलून सदाशिव पेठेतल्या शाळेत घातलं. दहावीत मी शिक्षिका व्हायचं म्हटलं तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत. आणि तुम्हीही, बाई. निरोपसमारंभाच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "शिकवायला माझ्यासारखी पुष्कळ आहेत, तू पुढे जा." म्हणून तुम्हालाही लिहिलं नाही. मी पुढे गेले आणि परत आले असं वाटत होतं.

त्यांना तुम्ही सांगाल का? तुमचं ते ऐकतील.

श्रद्धा

*

सदाशिव पेठ, पुणे
२० सप्टेंबर २००२

चि. श्रद्धा,

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांपूर्वी पट्टी निघाली. समोरच्या भिंतीचा रंग मी पिवळट समजत होते, तो पांढरा आहे. डावा डोळा दिवाळीनंतर.

तुझं पत्र मी नव्या डोळ्याने, भिंगाशिवाय वाचलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

निरोपसमारंभाच्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुझ्यासारखी मुलगी शाळेतच अडकून पडेल अशी मला भीती वाटली होती. आपण जे काम आयुष्यभर आवडीने केलं, तेच आवडत्या मुलीला नको म्हणायचं, याला काय म्हणावं मला माहीत नाही. सतरा वर्षांनी तपासताना चूक सापडली, लाल शाईने खूण केली आहे. तुझी नोकरी गेली याचं वाईट वाटलं. बाकीचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि वाईट वाटल्यामुळे नव्हे.

शाळेतली बातमी अशी की बेचाळीस धाकटी यंत्रं वर्गात आली. या वेळी नंबर मी ताडला, हेमा मॅडमनी ताडला आणि उत्कर्षानेही ताडला. पडदा लहान आहे, पण मला दिसतो. पहिल्या तासाला तू म्हणालीस तसंच झालं, अकरा मुलांनी उणेची चुकीची कळ दाबली. मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं नाही, माझीही घरी हीच कळ चुकली होती. त्यानंतर कोणी चूक लपवली नाही. राजीनाम्याचं विचारलं तर हेमा मॅडम म्हणाल्या, कोणता? मग मीही विचारायचं सोडून दिलं.

आता तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर. नाही, मी सांगणार नाही. आईवडिलांना तूच सांगायचं. पाहिजे तर मी नंतर त्यांच्याकडे जाऊन येईन.

बाई

*

कोलंबस, ओहायो
७ ऑक्टोबर २००२

ती. बाई,

सांगितलं. काल फोन केला, बाबांनीच घेतला. मी न थांबता सगळं सांगून टाकलं, गेल्या ऑक्टोबरपासूनचं. ते एक शब्द बोलले नाहीत. लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा हाक मारली. मग आईचा आवाज आला, "ते बाहेर गेले, मी तुह्याशी मागाहून बोलते." आज परत फोन केला तर आई म्हणाली, जेवले, झोपले, काही बोलत नाहीत.

वर्गात आज माझंच एक गणित फळ्यावर चुकलं. मुलांनी दाखवून दिलं.

तुम्ही जाऊन याल म्हणाला होतात. लवकर जाल का?

श्रद्धा

*

सदाशिव पेठ, पुणे
२० ऑक्टोबर २००२

चि. श्रद्धा,

आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं. आज रविवार, शाळेची बस नाही, म्हणून रिक्षाने विश्रांतवाडीला जाऊन आले. आत्ताच परतले आणि चप्पल काढून लिहायला बसले आहे. आधी हे वाच, की सगळं ठीक आहे. आता सविस्तर.

कौसल्याबाईंनी दार उघडलं आणि आत जाऊन म्हणाल्या, "अहो, बाई आल्या." बद्रीनाथराव गॅलरीत बसले होते. उठून आले, खुर्ची पुढे केली, स्वतः दिवाणाच्या कडेला बसले. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "श्रद्धाला वाटतंय तुम्ही रागावलात."

त्यांनी माझ्यासाठी पंखा लावला. मग म्हणाले, "बाई, पोरगी काही लपवते हे मले वर्षापासून समजत होतं. फोनवर हसत होती, पण ते हसणं तिचं नव्हतं."

कौसल्याबाई म्हणाल्या, "हे रोज पेपर वाचत. अमेरिकेत नोकऱ्या चालल्या असं काही आलं की तेवढं कापून कपाटात ठेवत. मले दाखवत नव्हते."

"काय दाखवू?" बद्रीनाथराव म्हणाले. "मले वाटलं, जावयाचीही गेली असंन. घर गेलं असंन. दोघं उपाशी असतीन अन् आपल्याले सांगत नसतीन. पेढे वाटले तेही तसेच, बाई. बढती म्हणते तर बढती. लोकांसमोर हसलो अन् घरी येऊन पडलो."

म्हणजे बघ, वर्षभर तू त्यांच्यापासून लपवत होतीस आणि ते तुझ्यापासून.

मी विचारलं, मग फोनवर बोलला का नाहीत? त्यांनी उपरण्याने चेहरा पुसला. म्हणाले, "तिनं सांगतलं, नोकरी गेली. अन् माह्या छातीवरचा दगड उतरला. नुसतीच नोकरी गेली होती नं. पोरगी बरी, जावई बरा, घर जागेवर. मले रडू आलं. पोरीची नोकरी गेल्याचं ऐकून बापाले बरं वाटलं, हे तिले कसं सांगावं? म्हणून फोन हिच्या हातात देल्ला अन् खाली जाऊन रस्त्यानं चालत राह्यलो. पार येरवड्यापर्यंत गेलो. परत येतानी रिक्षा केली."

त्यानंतरही आठ-पंधरा दिवस बोलणं सुचलं नाही, कारण काय बोलायचं ते ठरेना. तुझा बाप आहे तो. गणिताची रीत सापडेपर्यंत वहीत एक अक्षर न लिहिणारी मुलगी मला माहीत आहे.

मग मी शाळेचं सांगितलं. रोज पाच तास, नववीचं बीजगणित. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही शिकवत होते तेच?"

"तेच," मी म्हटलं. "तिच्याकडून मी यंत्र निवडायला शिकले. तिने सावध केलं नसतं तर माझी बेचाळीस मुलं अडकली असती."

ही हकिगत त्यांनी मला सगळी सांगायला लावली, पहिल्या पत्रापासून. मध्ये कौसल्याबाईंनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी समोर ठेवली, नको म्हणायची सोय ठेवली नाही. मी सभेत उभी राहिले तिथपर्यंत गोष्ट आली तेव्हा बद्रीनाथराव दिवाणावरून उठून माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मास्तरीणले उन्हाळ्यात सुट्ट्या भेटतात नं? कंपनीत असताना आठ वर्षांत दोनदा आली, तेही दहा-दहा दिवस." मी म्हटलं, अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी अडीच महिन्यांची असते असं ऐकलंय. त्यांनी कौसल्याबाईंकडे बघितलं. कौसल्याबाई उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे टाकत डिसेंबरापर्यंत गेल्या. पुढचं कॅलेंडर अजून आलेलं नाही याचा त्यांना राग आला.

निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. खाली तीन-चार शेजारी कट्ट्यावर बसले होते. एकाने मला बघून विचारलं, "काय बद्रीभाऊ, पाव्हणे?" ते म्हणाले, "माह्या पोरीच्या बाई. पोरगी पण आता अमेरिकेत शिकवते. हायस्कुलात." एवढं म्हणून ते मोठ्या थाटात शाळेचं नाव सांगायला गेले. मी घरात त्यांना ते तुझ्या शाळेच्या छापील पाकिटावरून दोनदा वाचून दाखवलं होतं. पहिला शब्द जमला, दुसऱ्याला जीभ वळेना. तिसऱ्यापाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही तो शब्द नेमका कसा म्हणतात ते माहीत नाही.

तेव्हा हे पत्र मिळताच शाळेचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं लिहून त्यांना पाठव. ते पाठ करणार आहेत.

बाई